धाकट्याचं व्याख्यान

बाजारामागच्या गल्लीत लिलावाचं गोदाम होतं आणि तिथं थोरला बोली पुकारायचा. बंद पडलेली दुकानं, रिकामी झालेली घरं, वाटणीत कुणालाच नको झालेलं सामान, सगळं शेवटी त्याच्यासमोर येऊन पडायचं. कपाटं, आरसे, शिवणयंत्रं, एका पायानं लंगडी टेबलं. खोक्यावर उभा राहून, हातोडी उगारून तो असा काही सूर लावायचा की पलीकडच्या गल्लीतला न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरून उचलून धरायचा. "मी नाही दचकत," न्हावी सांगायचा, "पण गिऱ्हाईक दचकतं. मान त्याची असली तरी नाव माझं जातं." बाजारात थोरल्याला सगळे भोंगा म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट नव्या माणसाला तो स्वतःच सांगायचा, "कुणालाही विचारा, भोंगा कुठं राहतो म्हणून."

दोन्ही भावांच्या वाट्याचा आवाज एकट्या थोरल्यानंच पळवला, असं त्यांची आई म्हणायची. धाकट्याची जीभ अडायची. साधी नाही, चांगली अडायची. त्यातही 'प' त्याचा वैरी. पाणी मागायचं तर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे गच्च मिटायचे, आणि समोरचा माणूस एक तर हसायचा नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचा.

मग थोरला पुढं व्हायचा. "त्याला पाणी हवंय." "त्याला गणित आलंय, पण सांगता येत नाहीये." दुकानात, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे धाकट्याचं बोलणं थोरलाच बोलायचा. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे त्यानं ठणकावून सांगितलं, "उजवीकडची दाढ दुखतेय." धाकटा खुर्चीत हातवारे करत होता, तर थोरला म्हणाला, "घाबरतोय तो, लक्ष देऊ नका." दाढ निघाली. दुखत होती ती डावीकडची. घरात हा किस्सा पुढं कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला गेला. धाकटाही हसायचा.

वडील दोघांना फारसे आठवत नव्हते. आई लाँड्रीत इस्त्री करायची. त्यांची खोली तळमजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर कॉलेजातून निवृत्त झालेले संस्कृतचे सर एकटेच राहायचे. सरांना रोज संध्याकाळी येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ म्हणायची सवय होती. बायको नाही, मूल नाही, ऐकणारं कुणी नाही, तरी म्हणायचे.

एकदा संध्याकाळी जेवायला बोलवायला म्हणून थोरला जिन्याकडे गेला, तर धाकटा मधल्या पायरीवर बसला होता आणि जिन्यात एक बारीक, स्वच्छ आवाज घुमत होता. "पिता, पितरौ, पितरः. पितरम्, पितरौ, पितॄन्." वरून सरांचा आवाज पुढं जायचा आणि हा मागोमाग. कुठं अडणं नाही, थांबणं नाही. आणि अक्षर कुठलं, तर 'प'!

थोरल्यानं आईला ओढत आणलं. तिच्या हाताला अजून इस्त्रीचा वास होता.

"कोण म्हणतंय हे?"

"हाच."

आई तिथंच, खालच्या पायरीवर, मटकन बसली.

वरचं दार उघडलं. सर कठड्यावरून वाकले. "कोण म्हणत होतं आत्ता?"

"माझा भाऊ," थोरला म्हणाला. "त्याला ना, बोलता येत नाही नीट, म्हणून तो—"

"मी त्याला विचारलं," सर म्हणाले.

धाकट्याला 'मी' म्हणायला बराच वेळ लागला. सर कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांनी ना घड्याळ पाहिलं, ना कॅलेंडर.

त्या दिवसापासून धाकटा वर जायला लागला. पाठ म्हणताना तो कधीच अडत नसे. शब्द आधीच ठरलेले असले की जीभ सुरळीत चालायची. स्वतःचं काही सांगायला गेला की पुन्हा गाडी रुतायची. सरांनी त्याला व्याकरण शिकवलं, आणि त्याबरोबर स्वतःची एक ठाम समजूतही दिली, की संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची आई. हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्या आईला ते रोज भेटून येत असावेत.

थोरला गोदामात लागला, त्याचं लग्न झालं, आई गेली, बिऱ्हाड दुसऱ्या गल्लीत गेलं. त्यानंतरची गोष्ट. एका बोटीवरच्या डॉक्टरांचं घर रिकामं झालं आणि त्यांचं सामान लिलावाला आलं. पलंग गेला, घड्याळं गेली, भुसा भरलेला ससाणासुद्धा गेला. उरली एक पुस्तकांची पेटी. ग्रीक, लॅटिन, फारसी, आणखी कुठल्या कुठल्या भाषांचे कोश आणि व्याकरणं. थोरल्यानं आवाज लावून लावून घसा फोडला, पण 'तीन वार' सोडाच, 'एक वार' म्हणायचीसुद्धा वेळ आली नाही. मालक म्हणाला, "रद्दीत घाल." थोरल्यानं पेटी हातगाडीवर घातली आणि घरी आणली.

"इतरांचे नवरे दागिना आणतात," त्याची बायको म्हणाली. "माझा नवरा कोश आणतो. तोही दुसऱ्यांच्या भाषेतला."

धाकटा मात्र त्या पेटीत गेला तो बराच काळ बाहेरच आला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याला पुस्तकं लावायची नोकरी होती. शिकवण्याची मिळालीच नाही, कारण मुलाखतीत तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशीच झगडत राहिला होता. ग्रंथालयातून आला की तो थेट पेटीशी बसायचा. जेवतानाही पानाशेजारी कोश.

एकदा जेवताना त्यानं अचानक मान वर केली. "व-वहिनी, मी तुमचा कोण?"

"दीर. आणखी कोण?"

"स-संस्कृतात देवृ. ग्रीकमध्ये दाएर. लॅटिनमध्ये ल-लेविर." तो उत्साहानं पुढं सरसावला. "आणि तुमच्या द-दिराची बायको?"

"माझी जाऊ. आता तुम्हीच सांगा, ती कधी आणताय?"

"संस्कृतात यातृ. ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, तिकडं उ-उत्तरेतसुद्धा त्याच शब्दाची भावंडं आहेत, वहिनी. ह-हजारो मैलांवर. कुणी कुणाला भेटलेलं नाही."

"शब्द चिकार झाले," वहिनी म्हणाली. "जाऊ तेवढी दिसत नाही."

धाकटा हसला, पण त्याचे डोळे भलतीकडे होते. अडखळत, घाम पुसत, त्यानं त्या दोघांना समजावून सांगितलं. या सगळ्या भाषा बहिणी आहेत. त्यांची आई कधीच गेली, तिला कुणी पाहिलेलं नाही, तिनं लिहिलेलं एक अक्षर नाही. पण सगळ्या बहिणींना शेजारी शेजारी उभं केलं, कुणाचं नाक, कुणाची हनुवटी पाहिली, तर आईचा चेहरा थोडाथोडा काढता येतो. बदल उगाच होत नाहीत, आवाज नियमानं बदलतात. तो त्या नियमांच्या मागे लागला होता.

"म्हणजे एकाच घरातलं सामान," थोरला म्हणाला. "चार गावांत विकलं गेलेलं."

"ह-हो, दादा! तसंच."

थोरल्याला फार आनंद झाला. भावाचं काम आपल्याला समजतं याचा आनंद.

"मग संस्कृत आई ना?" त्यानं विचारलं. "सर म्हणायचे."

धाकटा बराच वेळ गप्प राहिला. हे गप्प राहणं जिभेचं नव्हतं. "म-मोठी बहीण," तो शेवटी म्हणाला.

नात्याच्या शब्दांवरचा त्याचा पहिला लेख छापून आला तेव्हा आसपास तो विषय हाताळणारा दुसरा कुणीच नव्हता. लांबलांबच्या विद्यापीठांतून त्याला पत्रं यायला लागली. ग्रंथपालांना धक्काच बसला. आपल्याकडे कपाटं पुसणारा हा माणूस परदेशातल्या प्राध्यापकांच्या चुका काढतो म्हणजे काय! मग गावातल्या विद्वत्सभेनं त्याला वार्षिक व्याख्यानाला बोलावलं.

धाकट्यानं नकाराचा कागद लिहायला घेतला. थोरल्यानं तो हातातून काढून घेतला.

"तू लिही. वाचतो मी."

"त-तू?"

"का? लंगडी टेबलं विकतो मी. तुझी भाषा विकायला काय झालं?"

तालीम स्वयंपाकघरात व्हायची. बायको भाजी चिरत ऐकायची, थोरला दाराच्या चौकटीत उभा राहून वाचायचा आणि धाकटा उच्चार सुधारायचा. सुरुवातीला थोरला प्रत्येक नियम असा काही पुकारायचा की आता कुणीतरी जास्तीची बोली लावेल असंच वाटावं. "हळू," बायको म्हणायची. "ग्रीक शेजारणीला कळतंय." पण आठवडाभरात त्याची वाणी बसली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे तर त्याच्या धंद्यातलंच होतं.

व्याख्यान गाजलं. धाकटा पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य त्या दणदणीत आवाजात सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जात होतं. तो रडला, असं बायको सांगते. थोरल्याला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

मग ते दरवर्षी व्हायला लागलं. प्रश्न आले तर धाकटा चिठ्ठीवर उत्तर लिहायचा, थोरला वाचायचा. लोक येऊन हात मिळवायचे ते थोरल्याशी. रस्त्यात "नमस्कार, पंडितजी" म्हणायचे. पहिल्यांदा तो म्हणाला, "मी नव्हे, माझा भाऊ." पुढं पुढं म्हणायला लागला, "आम्ही दोघं मिळूनच करतो ते." आणि नंतर नुसताच नमस्कार घ्यायला लागला. त्यानं एक काळा कोट शिवून घेतला. गोदामात बोली पुकारताना मध्येच धातू आणि प्रत्यय यायला लागले. गिऱ्हाइकांना मजा वाटायची.

हळूहळू तो वाचताना आपल्या पदरची भर घालायला लागला. इथं एक विनोद, तिथं एक किस्सा. लोक हसायचे. धाकटा सुरुवातीला हसला, मग नुसता बघत राहिला, मग पायांकडे बघायला लागला. एकदा तो म्हणाला, "दादा, ल-लिहिलंय तेवढंच—" आणि थोरल्यानं नेहमीसारखं त्याचं वाक्य पुरं केलं, "तेवढंच वाचलं तर लोक झोपतील, बरोबर आहे तुझं."

ज्या वर्षी ते घडलं त्या वर्षीचा विषय धाकट्यानं फार दिवस टाळला होता. संस्कृत ही आई नव्हे, बहीण, हे त्याला पुराव्यानिशी आणि उघड मांडायचं होतं. सर आता खूप थकले होते. त्यांना आणायला धाकटा स्वतः गेला, हाताला धरून जिना उतरवला, पहिल्या रांगेत बसवलं. लेखाच्या मध्यावर त्यानं एक परिच्छेद घातला होता. त्यात होतं, 'ज्यांनी मला संस्कृत दिलं त्यांचं मत मी आज सोडतो आहे. ते सोडण्याचं बळही मला त्यांनीच दिलं. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणारे पहिले तेच.' तालमीत हे वाचताना बायकोची सुरी थांबली होती.

सभागृहात त्या दिवशी उकडत होतं. मागचे लोक जांभया द्यायला लागले. स्वरांचे नियम चालले होते, आणि ते कुणाच्या डोक्यात शिरत नव्हते. खोक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक निसटतंय हे आधी पाठीच्या कण्यात कळतं. थोरल्यानं पान उलटलं. तो परिच्छेद समोर आला. लांब होता, आणि हसण्याजोगं त्यात काही नव्हतं. त्यानं आणखी एक पान उलटलं, कागद खाली ठेवले, आणि लोकांकडे बघून डोळा मिचकावला.

"काही लोक म्हणतात, संस्कृत सगळ्यात जुनी, म्हणून ती सगळ्यांची आई. अहो, नुसत्या वयावर नाती ठरायला लागली, तर आमच्या गोदामातली प्रत्येक मोडकी खुर्ची माझी आजी व्हायची!"

सभागृह कोसळलं. मागचे लोक खडबडून जागे झाले, टाळ्या पडल्या. त्या गडगडाटात सर उठले. काठी घेतली आणि एकेक पाऊल टाकत मधल्या वाटेनं बाहेर गेले. धाकटा मागोमाग गेला.

रात्री जेवायला धाकटा आला तेव्हा थोरला अजून कोटातच होता.

"तो प-परिच्छेद कुठं गेला?"

"वेळ कुठं होता? पेंगत होते सगळे. पण शेवटी हॉल कसा उठवला, बघितलंस ना!"

"एक जण उठला," धाकटा म्हणाला. "तेवढं ब-बघितलं."

त्यानंतर तो थोरल्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. घरात असायचा, वहिनीशी बोलायचा, पानावर बसायचा, पण थोरल्याला उद्देशून एक शब्द नाही. थोरल्याला आधी वाटलं, दोन दिवसांचा रुसवा. मग राग आला. "माझ्यामुळं नाव झालं याचं! मी नसतो तर याचं कोण ऐकणार होतं?"

"मला दोघांनी मिळून टपालखातं केलंय," बायको म्हणाली. "भाऊजींना सांग, ह्यांना सांग. आता मी सांगते ते ऐका. तुम्ही त्यांची वाक्यं इतकी वर्षं पुरी करताय. एक तरी त्यांना हवं होतं तसं झालं का, विचारलंत कधी?"

"म्हणजे?"

"दाढ कुठली दुखत होती?"

थोरला चपला घालून कामावर निघाला. गोदामात त्या दिवशी त्याच्या हातून एक कपाट दोन गिऱ्हाइकांना विकलं गेलं, आणि मालकानं बोल लावले ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतले. संध्याकाळी घराकडे न वळता तो जुन्या इमारतीचा जिना चढला.

सर खिडकीशी बुटांना पॉलिश करत बसले होते. कुठं जायचं नव्हतं तरी.

"सर, ती खुर्ची माझी होती," थोरला दारातूनच म्हणाला.

"कुठली खुर्ची?"

"आजी झालेली. भावानं लिहिली नव्हती. मी घातली."

सरांनी ब्रश खाली ठेवला. "विनोद वाईट नव्हता. दुसऱ्या कुणावर असता तर हसलो असतो." मग ते म्हणाले, "मला वाटलं, त्यानं लिहिला. मत बदलायला माझी ना नव्हती रे. शिकवलेला मुलगा पुढं जातो, जावंच त्यानं. पण तो मला हसतोय, हे काही गळ्याखाली उतरेना."

"तो दारापर्यंत आला होता ना तुमच्या मागे?"

"आला. काहीतरी सांगत होता. पहिल्यांदाच मी थांबलो नाही."

थोरल्याला तो गाळलेला परिच्छेद पाठ होता. तालमीत पाठ झाला होता. त्यानं तो म्हणून दाखवला, बेतानं, स्वतःलाच जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात. शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फाटला. आयुष्यात कधी फाटला नव्हता.

सरांनी बूट बाजूला ठेवला. "छान लिहिलंय," ते म्हणाले. "पण हे तुझ्या तोंडून नको. त्याला म्हणायला सांग."

"त्याला बोलता येत नाही, सर."

"कुणी सांगितलं? इतकी वर्षं तो या खोलीत बोललाय. वेळ लागतो एवढंच. मला कुठं जायचं असायचं?"

घरी येऊन थोरला धाकट्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. लिलावात शेकडो माणसांपुढं न अडणाऱ्या जिभेला शब्द सापडेना. "मी चुकलो," तो म्हणाला. "सरांना जाऊन सांगितलं, खुर्ची माझी होती म्हणून. ते म्हणाले, तो परिच्छेद त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचाय."

धाकट्यानं तोंड उघडलं. ओठ मिटले, मान ताठ झाली. थोरल्याला त्याला काय म्हणायचंय ते दिसत होतं, निदान दिसतंय असं वाटत होतं, आणि शब्द त्याच्या जिभेवर येऊन थडकत होते. त्यानं चौकट घट्ट धरली आणि तो थांबला. फार वेळ थांबला.

"स-सभेला कळव," धाकटा म्हणाला. "प-प-पुढचं व्याख्यान मी देणार."

थोरल्याला वाटलं होतं, तो म्हणेल, 'पुन्हा असं करू नकोस.' त्याचा अंदाज साफ चुकला होता.

सभेचे चिटणीस नाराज झाले. लोक तुमच्या आवाजासाठी येतात, असं त्यांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं. "मग यंदा कमी येतील," थोरला म्हणाला आणि हातोडी आपटल्यासारखी मान हलवली.

व्याख्यानाच्या दिवशी काळा कोट धाकट्याच्या अंगात होता, खांद्यांत जरा सैल. थोरला पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसला, बायको शेजारी, सर पलीकडे. पहिलंच वाक्य अडलं. मागं कुणीतरी खोकलं, कुणी खुसखुसलं. संस्कृत वचन आलं की धाकटा पाण्यासारखा वाहायचा, लोक चकित होऊन वर बघायचे, आणि पुढच्या क्षणी स्वतःच्या वाक्यावर येऊन पुन्हा खडकावर. थोरल्याचे ओठ हलत होते. त्याला संपूर्ण लेख दिसत होता, पुढचा प्रत्येक शब्द. बायकोनं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही तिथं तिच्या नखांच्या खुणा होत्या.

मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज धाकट्याला ऐकू येत होता, तरी त्यानं एकही वाक्य गाळलं नाही. दिराचा शब्द झाला, जावेचा झाला, आई कशी शोधायची ते झालं. मग तो परिच्छेद आला. 'माझं बोलणं' इथपर्यंत तो पोचला आणि पुढं 'पूर्ण'चा 'प' उभा राहिला. ओठ मिटले. सगळं सभागृह त्या मिटलेल्या ओठांकडे बघत होतं. दुसऱ्या रांगेतल्या एका भल्या गृहस्थाला ते पाहवेना. ते मदतीला धावले, "पूर्ण! पूर्ण म्हणायचंय तुम्हाला."

धाकट्यानं हात वर केला. "थ-थांबा," तो म्हणाला. "तो शब्द म-माझा आहे."

कुणी हसलं नाही. त्यानं श्वास घेतला आणि तो शब्द म्हटला. आपल्या वेळानं, अडखळत, पण स्वतः. थोरल्यानं मान खाली घातली. त्या गृहस्थांच्या जागी तो आयुष्यभर बसत आला होता.

व्याख्यान संपलं तेव्हा पहारेकरी किल्ल्या घेऊन दारात उभा होता आणि सभागृहात पहिल्या तीन-चार रांगाच उरल्या होत्या. टाळ्या वाजल्या, पण थोड्या. मग सर काठी टेकत उठले.

"तर मग मोठी बहीण," ते म्हणाले.

"ह-हो, सर."

"मला पटलेलं नाही."

"म-माहीत आहे."

"त्या स्वराच्या नियमाला तू जो अपवाद मानतोस, तिथं तुझं घोडं अडतं. सांगू?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहारेकऱ्यानं दिवे मालवले तरी दोघं बोलतच होते. वाद जिन्यावरून खाली आला, रस्त्यावर आला, सरांच्या घरापर्यंत गेला. थोरला आणि बायको मागून चालत होते. पुढून धाकट्याचं अडखळणं ऐकू यायचं, आणि तेवढा वेळ काठीचा आवाज थांबायचा.

खोटं कशाला सांगायचं, थोरल्याला त्यानंतर सुनं सुनं वाटलं. "पंडितजी" म्हणून हाक मारणारे कमी झाले. व्याख्यानाचे दिवस जवळ आले की तो उगाचच घसा खाकरायचा, मग आठवायचं. धाकट्याच्या व्याख्यानांना गर्दी कधीच झाली नाही. पण आले ते पुन्हा आले, आणि काही वर्षांनी कॉलेजनं भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा वर्ग काढला. असा वर्ग तिथं पहिलाच, आणि त्यावर नेमायला दुसरा माणूसच नव्हता. त्या वर्गातल्या पोरांना एक सवय लागली. समोरचा बोलत असला की ती मध्ये तोंड घालत नसत. बाकीच्या प्राध्यापकांना हा मठ्ठपणा आहे की आदर, हे लवकर कळलं नाही. सर गेले ते शेवटपर्यंत न पटूनच. धाकटा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वाद घालत होता. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात धाकटाच पाठ म्हणायचा आणि ते ऐकायचे.

जाऊ काही घरात आली नाही. वहिनीनं तो विषय सोडून दिला.

मनगट धरून ठेवायची गरज मात्र संपली. त्यानंतरच्या एका वर्षी व्याख्यान ऐन रंगात असताना बायकोला शेजारून घोरण्याचा आवाज आला. तिनं कोपर मारलं, तर थोरला दचकून म्हणाला, "तीन वार!" पहिली रांग हसली, वरून धाकटाही हसला, आणि मग राहिलेलं वाक्य त्यानं सावकाश पुरं केलं.

घरी परतताना धाकट्यानं विचारलं, "क-कुठपर्यंत ऐकलंस, दादा?"

"त्या गाडीच्या चाकाच्या शब्दापर्यंत. मग जरा डोळा लागला."

"च-चाक तर दुसऱ्याच पानावर होतं."

"मग बराच झोपलो की रे मी," थोरला म्हणाला. "चाकाच्या पुढं काय झालं? सांग. घर यायला वेळ आहे."

धाकटा सांगायला लागला.